दौलतच्या हातची स्लाइड

"दौलत, पुन्हा जाड आलाय बघ," मी मायक्रोस्कोपवरून डोळा न काढताच म्हणालो. "दुसरा काढून आण."

मी काच पुढे सरकवत राहिलो. बाहेर ओट्यावर कुणाचं तरी पोर सुई टोचण्याआधीच बोंब ठोकत होतं. माझ्या टेबलावर न तपासलेल्या स्लाइडच्या नऊ पेट्या एकीवर एक चढल्या होत्या आणि दहावी दौलत घेऊन आला होता.

"कोणाचा जाड?" त्यानं विचारलं.

"तुझाच. दौलत गुरनुले, वय अडतीस, ताप पंधरा दिवस. मागचाही जाडच होता."

"आन जंतू?"

"जंतू दिसायला स्मिअर नीट नको का? एवढ्या गर्दीत काय दिसणार, डोंबल?"

"माह्या हाताचा स्मिअर जाड," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. मग पेटी टेबलाच्या कडेला ठेवून सायकलकडे गेला. त्याला राग आला हे मला कळलं. पण त्या दिवसांत मला कुणाच्या रागालोभाचं सोयरसुतक उरलं नव्हतं.

ही पस्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मी मूळचा सिन्नरकडचा, प्रल्हाद उगले. नोकरीनं मला उचलून चंद्रपूर जिल्ह्याच्या पूर्वेला, जंगलाच्या तोंडाशी असलेल्या जांभूळटोल्याच्या आरोग्य केंद्रात नेऊन टाकलं होतं. तिथे मी मलेरियाचा लॅब टेक्निशियन होतो. दौलतसारखे कर्मचारी सायकलवर गावोगाव हिंडायचे, ताप आलेल्या माणसाच्या बोटाला सुई टोचायचे, रक्ताचा थेंब काचेवर पसरून तो वाळवायचे आणि अशा स्लाइडच्या पेट्या मला आणून द्यायचे. काचेवर पसरलेल्या त्या रक्ताला आम्ही स्मिअर म्हणत असू. मी ती काच रंगवायची, मायक्रोस्कोपखाली घालायची आणि एकेका स्लाइडचे शंभर तुकडे, म्हणजे आमच्या भाषेत शंभर फिल्ड, बघून जंतू आहे की नाही ते रजिस्टरला लिहायचं. दिवसाला साठ स्लाइड अपेक्षित होत्या. शेजारच्या केंद्रातल्या टेक्निशियनची बदली झाली, त्याच्या जागी कुणी आलंच नाही, आणि त्याच्याही पेट्या माझ्याच टेबलावर येऊ लागल्या. भाद्रपदात मी दिवसाला सव्वाशे स्लाइड बघत होतो. संध्याकाळी घरी जाऊन ताटावर बसलो की भाताच्या शितांमध्येही मला फिल्ड दिसायचे. बायको म्हणायची, जेवताय की तपासताय?

दौलत हा आमच्या केंद्राचा नाकावर माशी बसू न देणारा माणूस. उंच, हडकुळा, शर्टाचं वरचं बटणही लावलेलं. त्याच्या पेटीत एक जुन्या वर्तमानपत्राचा चतकोर कायम असायचा. काढलेला स्मिअर तो त्या कागदावर ठेवायचा. थेंबातून खालची छापील अक्षरं जेमतेम वाचता आली की थेंब बरोबर, अक्षरं दिसली नाहीत तर जाड, फार स्वच्छ दिसली तर पातळ. शिकवताना ही युक्ती सगळ्यांनाच शिकवत, पण नोकरी लागून महिना झाला की सगळेच ती सोडून देत. दौलतनं पंधरा वर्षांत सोडली नव्हती. तालुक्याला नवे कर्मचारी आले की त्यांना दाखवायला त्याचीच स्लाइड नेत. घरी त्याला ना शेत ना वाडी. माणसाला मिरवायला काहीतरी लागतं, त्याला ते एवढंच होतं.

आणि मिरवायला माझ्याकडेही होतं. स्लाइड हातात घेतली की नाव न वाचता ती कुणाच्या हातची हे मी सांगत असे. प्रत्येकाच्या स्मिअरचं अक्षरासारखं वळण असतं. दौलतचा थेंब गोल, बांगडीतून काढल्यासारखा, आणि शेजारचा पातळ फराटा गाईच्या जिभेसारखा टोकाला निमुळता. जंतू तर मला शोधावा लागत नसे. शंभर फिल्डांत एकच जंतू असला, तरी नजर आपोआप तिथे जाऊन थांबायची.

हे मला जन्मतः येत नव्हतं. शिकत होतो तेव्हा सुरुवातीला मला सगळीकडेच जंतू दिसायचे, रंगाच्या कणातही आणि धुळीतही. त्याहून जास्त त्रास पांढऱ्या पेशींचा व्हायचा. रंगवल्यावर त्या ठळक जांभळ्या होतात, जंतूपेक्षा कितीतरी मोठ्या, आणि नजर तिकडेच ओढली जाते. आमचे शिकवणारे पाटणकरमामा म्हणायचे, "जत्रेत बायको हरवली तर तू बाकीच्या बायकांचे चेहरे बघत बसशील का? तशी ह्या जांभळ्यांकडे नजर जाऊ देऊ नकोस. ज्या दिवशी त्या दिसायच्या बंद होतील, त्या दिवशी तू तयार झालास म्हणून समज." चार-सहा महिन्यांत खरंच त्या दिसायच्या बंद झाल्या. त्यांचा एकच उपयोग उरला. एका फिल्डात त्या दहा-पंधरा असल्या की थेंब ठीक. त्याहून फार गर्दी झाली की रक्त जास्त घेतलं, म्हणजे थेंब जाड. मग शेऱ्याच्या रकान्यात 'जाड' असं लिहून मोकळं व्हायचं.

दौलतच्या दोन्ही स्लाइडला मी तेच केलं होतं.

दुसऱ्या स्लाइडनंतर चार-पाच दिवसांनी त्याची बायको वच्छला माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली. आत यायला ती संकोचत होती.

"भाऊजी, ह्यायच्या रक्तात काही निघालं का जी?"

"स्मिअर नीट आला की सांगतो, वहिनी. गोळ्या घेतोय ना?"

"दोनदा घेऊन झाल्या. ताप उतरते आन पुन्हा चढते. अंगावर मांस नाही राहिलं. दोन घास खाल्ले का पोट भरलं म्हणते. पँट कमरेले ढिली झाली आन पोटाले कसून राहते, हे कसं होते?"

"पानथरी वाढली असेल. मलेरियात वाढतेच. डॉक्टरांनी बघितलं ना?"

"बघितलं. तेही पानथरीच म्हणाले."

"मग झालं तर."

ती तरीही उभीच होती. "आजकाल सायकल ढकलत नेते. चढ नाही चढवत म्हणे. पण सुट्टी घे म्हटलं तर अंगावर येते."

मी तिला धीर दिला, म्हणजे तोंडानं दिला. मन पेट्यांत होतं. ताप, थकवा, पानथरी म्हणजे वाढलेली प्लीहा, सगळं मलेरियाच्या साच्यात बसत होतं. आमच्या भागात भादव्यात दहा माणसं आजारी पडली की त्यातली आठ मलेरियाचीच असत. मला तर जगातला दुसरा कुठला आजार आठवतही नव्हता.

महिन्याच्या शेवटी आमची मिटिंग असे. वीस-बावीस कर्मचारी व्हरांड्यात सतरंजीवर बसायचे आणि वैद्यकीय अधिकारी डॉ. किन्हेकर माझ्या रजिस्टरवरून खराब स्लाइडवाल्यांची नावं मोठ्यानं वाचायचे. ती आमच्याकडची रीतच होती. ज्याचं नाव येई त्यानं उभं राहायचं, बाकीच्यांनी हसायचं आणि त्यानं "पुढच्या टायमाले नाही होणार सर" म्हणून बसायचं. नेहमीची चार-पाच नावं ठरलेली होती, त्यांना त्याचं काही वाटायचंही नाही.

त्या महिन्यात डॉक्टरांनी वाचलं, "गुरनुले, दोन स्लाइड, जाड."

कुणी हसलं नाही. दौलत उभा राहिला. उभं राहताना त्यानं खांबाला हात धरला हे मी पाहिलं आणि नजर रजिस्टरकडे वळवली.

"गुरनुले, तुम्हीसुद्धा?" डॉक्टर म्हणाले. माणूस वाईट नव्हता, वयानं लहान होता, आणि त्यालाही वरून बोलणी बसत होती. "तुमच्याकडे बघून दुसरे शिकतात. हात बसला नसेल तर उगलेंकडे बसून पुन्हा शिकून घ्या."

पुढच्या टायमाले नाही होणार, हे दौलत म्हणालाच नाही. तसाच उभा राहिला. शेवटी डॉक्टर म्हणाले, "बसा."

त्यानंतर तो मला टाळू लागला. पेटी शिपायाच्या हाती द्यायचा. मी मनात म्हणायचो, बरंच आहे, तेवढाच वेळ वाचतो.

दसरा होऊन गेल्यावर एका दुपारी तो खोलीत आला आणि स्टूल ओढून माझ्यासमोर बसला. चेहरा पिवळट पडला होता आणि डोळे आत गेले होते. त्यानं पेटी उघडली, वर्तमानपत्राचा चतकोर टेबलावर पसरला, दोन कोऱ्या काचा पुसून ठेवल्या.

"हात आण," तो म्हणाला.

"कुणाचा?"

"तुहा. आण इकडे."

"मला कुठं ताप आलाय?"

"म्हणूनच पायजे. आण ना गा, पल्हादभाऊ. पंधरा वर्षांत तुले काही मागतलं का?"

मी वैतागलो होतो. तरी डावा हात पुढे केला. त्याच्या आवाजात काहीतरी होतं, त्याला नाही म्हणवेना. त्यानं माझ्या अनामिकेला सुई टोचली, पहिला थेंब कापसानं टिपला, दुसरा काचेवर घेतला आणि दुसऱ्या काचेच्या कोपऱ्यानं तीन-चार फेऱ्यांत गोल पसरला. मग दुसरी सुई घेऊन स्वतःच्या बोटाला टोचली. तेवढाच थेंब, तेवढ्याच फेऱ्या. पंधरा वर्षं मी त्याच्या स्लाइड बघत होतो, पण त्याला स्लाइड करताना बघितलं नव्हतं. ताप अंगात असताना त्याचा हात तसूभर हलत नव्हता.

दोन्ही काचा त्यानं कागदावर शेजारीशेजारी ठेवल्या.

"वाच."

मी वाकलो. कुठल्याशा बाजारभावाची बातमी होती. माझ्या थेंबातून 'तूर' एवढं दिसत होतं. त्याच्या थेंबातून 'हरभरा'. दोन्ही शब्द सारखेच पुसट होते आणि सारखेच वाचता येत होते.

"जाड आहे का कोणता?" त्यानं विचारलं.

"नाही."

"मनापासून सांग."

"नाही म्हटलं ना. दोन्ही बरोबर आहेत."

"आता हे वाळू दे. मी इथंच बसतो. रंगव आन माह्या समोर पाह्य."

वाळायला पाऊण तास लागला. तेवढ्या वेळात मी दुसऱ्या स्लाइड बघत होतो, निदान बघितल्यासारखं करत होतो. तो भिंतीला टेकून डोळे मिटून बसला होता. मध्येच म्हणाला, "मिटिंगीत नाव घेतलं त्या दिवशी घरी जाऊन पोरीच्या पाटीवर पाणी टाकून थेंब पसरून पाह्यले. म्हटलं हात गेला का काय माहा."

"दौलत, जाऊ दे ना. एखाद्या वेळी होतो जाड."

"दोन वेळ नाही होत," तो डोळे न उघडता म्हणाला.

मी दोन्ही काचा रंगवल्या, धुतल्या, वाळवल्या. आधी माझी घातली. जंतू नव्हता. एका फिल्डात दहा-बारा पांढऱ्या पेशी, अगदी पुस्तकातल्यासारखा स्मिअर. मग त्याची घातली. नजर सवयीनं जंतू शोधू लागली. गर्दी होती, भरपूर गर्दी. तोंडातून शब्द निघालेच होते, 'हा बघ, जाड...'

ते मी गिळले. कारण तासाभरापूर्वी त्याच थेंबातून मी 'हरभरा' वाचला होता.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

"काही नाही. थांब."

"मले पाहू दे."

एरवी मी कुणाला मायक्रोस्कोपला हात लावू देत नसे. उठलो आणि त्याला जागा दिली. त्यानं एक डोळा मिटला, दुसरा लावला, बराच वेळ धडपडला. त्यानं आयुष्यात हजारो स्लाइड काढल्या होत्या, पण आत कधी डोकावला नव्हता. मी आळीपाळीनं दोन्ही काचा लावून दाखवल्या.

"हा तुहा?"

"हो."

"आन हा माहा. ह्या जांभळ्या काय आहेत गा?"

"पांढऱ्या पेशी. त्यांच्याकडे नाही बघायचं. त्या आपल्या कामाच्या नसतात."

"पण तुह्यात मूठभर आहेत आन माह्यात खळं भरलं आहे." त्यानं मान वर केली. "थेंब सारखा आहे, हात सारखा आहे. मग ह्या उरलेल्या कुठून आल्या?"

मी पुन्हा बसलो आणि डोळा लावला. तेव्हा मला त्या दिसल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी जंतू सोडून त्यांच्याकडे बघितलं. शेकड्यांनी होत्या, लहान, मोठ्या, वेड्यावाकड्या, कच्च्या, एकमेकींना चिकटलेल्या. त्यांच्यातून वाट काढत मी महिनाभर जंतू शोधत होतो आणि वाटेत आडव्या येतात म्हणून चिडत होतो.

"चल, डॉक्टरांकडे जाऊ," मी म्हणालो.

"मलेरिया आहे का नाही ते तर सांग."

"नाही. मलेरिया नाही."

डॉ. किन्हेकरांनी आधी माझी काच बघितली, मग दौलतची. दोन्ही काचा पुन्हा आळीपाळीनं लावून पाहिल्या. मग दौलतला बाहेर बसायला सांगून मला म्हणाले, "उगले, हे किती दिवसांपासून आहे?"

"आधी दोन स्लाइड झाल्या होत्या, सर."

"त्यात नव्हतं?"

पहिली स्लाइड धुऊन कधीच पुन्हा वापरात गेली होती. दुसरी धुवायच्या ट्रेमध्ये पडलेली सापडली. ती कोरडी करून मी मायक्रोस्कोपला लावली. आतलं सगळं तसंच जांभळं होतं, काठोकाठ. जे बघायला आता एका क्षणाचाही वेळ लागत नव्हता, ते मी शंभर फिल्ड बघून बघितलं नव्हतं. बघितलं नव्हतं असंही नाही. दिसलं म्हणून तर 'जाड' लिहिलं. स्लाइड हातात घेतल्यावर ती दौलतच्या हातची आहे, थेंब बांगडीतून काढल्यासारखा गोल आहे, हेही मला कळलं होतं. तरी मी रक्तावर संशय घेतला नाही, माणसाच्या हातावर घेतला. मला स्वतःची फार लाज वाटली. त्या दिवशी उरलेल्या पेट्यांना मी हात लावला नाही.

दौलतला नागपूरला मोठ्या दवाखान्यात नेलं. रक्ताचा कर्करोग निघाला. माणसाच्या एका घन मिलिमीटर रक्तात ज्या पांढऱ्या पेशी सात-आठ हजार असतात, त्या त्याच्यात दोन लाखांवर गेल्या होत्या. त्यातल्या त्यात बरं म्हणजे सावकाश वाढणारा प्रकार होता. गोळ्यांनी दाबून ठेवता येतो, बरा होत नाही, तीन-चार वर्षं मिळतात, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. मी सोबत गेलो होतो. त्यांना एकटं गाठून विचारलं, "महिनाभर आधी कळलं असतं तर?"

"फार फरक पडला नसता," ते म्हणाले.

हे ऐकून मोकळं वाटेल असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही.

पानथरी उतरली, ताप थांबला, जेवण जाऊ लागलं. अडीच महिन्यांनी दौलत कामावर आला. मी त्याच्यासमोर जायला कचरत होतो, तर तोच खोलीत आला.

"तोंड काहून लपवून राहिला?"

"दौलत, माझ्यामुळे..."

"माह्या आजाराचं ठेव बाजूले. तो काय तू आणून दिला का?" तो स्टुलावर बसला. "पण माहं नाव मिटिंगीत वाचलं ना, ते मले आजारापेक्षा जास्त लागलं. खोटं नाही सांगत."

पुढच्या मिटिंगला डॉक्टर नावं वाचायच्या आधी मी उभा राहिलो. म्हणालो, "सप्टेंबर महिन्यात दौलत गुरनुलेच्या दोन स्लाइडना मी जाड लिहिलं होतं. त्या जाड नव्हत्या. स्मिअर बरोबर होता, बघणारा चुकला." आणि सगळ्यांसमोर रजिस्टरातले ते दोन शेरे खोडून बाजूला सही केली. सतरंजीवरून कुणीतरी म्हणालं, "आता उगलेसायबाले शिकाले पाठवा दौलतभाऊकडे," आणि सगळे हसले. दौलतही हसला. मला तेवढंच हवं होतं.

त्याला तीन वर्षं मिळाली. पहिली दोन चांगली गेली. त्याच्या पेट्या वेळेवर यायच्या, स्लाइडवर त्याचे गोल थेंब असायचे. मीही बदललो होतो. प्रत्येक स्लाइडचे पहिले दोन फिल्ड जंतू न शोधता नुसते बघायचे, असं मी ठरवून घेतलं. बोलायला सोपं आहे, पण फार जड जातं. शिकलेली नजर बाजूला ठेवायला रोज नव्यानं शिकावं लागतं, आणि सव्वाशे स्लाइडच्या दिवशी संध्याकाळपर्यंत ती नजर पुन्हा कधी डोळ्यांवर येऊन बसली हे कळतही नाही.

तिसऱ्या वर्षी भादव्यात दौलतच्या स्लाइड बिघडू लागल्या. आधी फराट्याचं टोक वाकडं आलं. मग गोल थेंब लांबट झाले. मग ते जाड येऊ लागले, खरोखरच जाड. मी आता चुकीला जागा ठेवली नव्हती, माझी खात्री होती. त्याचा हात थरथरत होता, गोळ्या लागू पडेनाशा झाल्या होत्या.

मी 'जाड' लिहिलं नाही. एकदाही लिहिलं नाही. त्याची पेटी आली की बाकी काम संपवून ती शेवटी घ्यायचो आणि त्या मळकट थेंबांतून शंभरच्या जागी दोनशे फिल्ड बघायचो, कधी अडीचशे. डोळ्यांतून पाणी यायचं. बायकोला सांगायचो, पेट्या वाढल्यात. शेऱ्याचा रकाना कोरा सोडायचो. मला वाटत होतं, मी त्याचं देणं फेडतोय.

एका दुपारी तो आला. वच्छला त्याला सायकलच्या मागे बसवून, सायकल हातानं ढकलत घेऊन आली होती; आता गावोगावही ती त्याला तशीच नेत असे. ती ओट्यावर थांबली आणि तो भिंतीचा आधार घेत खोलीत आला. स्टुलावर बसायलाच त्याला मिनिटभर लागलं. हातात एक स्लाइड होती.

"ही काल पिपरीच्या एका लेकराची काढली," तो म्हणाला. "अंग नुसतं भट्टी होऊन राहिलं आहे त्याचं. कशी आहे, पाह्य."

मी हातात घेतली. उजेडात धरायचीही गरज नव्हती.

"ठीक आहे," मी म्हणालो.

"ठीक आहे?"

"हो. चांगली आहे."

त्यानं खिशात हात घातला. वर्तमानपत्राचा चतकोर काढला, घडीवर घडी पडून मऊ झालेला. थरथरत्या हातानं तो टेबलावर पसरला, माझ्या हातातली स्लाइड घेतली आणि त्यावर ठेवली.

"वाच," तो म्हणाला.

मी वाकलो. थेंबाखाली काळपट डागाशिवाय काहीच नव्हतं. मी मान वर केली नाही.

"दोन महिने झाले, मिटिंगीत माहं नाव नाही येऊन राहिलं," दौलत म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. दमलेला होता तो. "मले कळत नाही का? हे मी काढतो, पल्हादभाऊ. वाळू द्यायच्या आधीच मले दिसते."

"मी दुप्पट फिल्ड बघतो, दौलत. एकही जंतू सुटत नाही."

"आतापर्यंत नाही सुटला. तुहे डोळे पाह्य कसे झाले ते. उद्या सुटन आन ह्या लेकराच्या नावापुढं जंतू नाही म्हणून लिहिशीन. माहं तर काय, मी महिनाभर थांबलो तरी चाललं. मेंदूत चढणारा मलेरिया असला तर ह्याले महिना नाही भेटणार."

बाहेर ओट्यावर वच्छला कुणाशी तरी बोलत होती.

"त्याले पुन्हा सुई लागन, रडन थोडं. दुसऱ्या कोणाले तरी पाठव, आजच पाठव." त्यानं रजिस्टर माझ्याकडे सरकवलं. "आन इथं लिही."

"काय लिहू?"

"जाड म्हणून लिही. ह्या टायमाले खरं आहे."

मी पेन उचललं. मुलाचं नाव, गाव, वय, कर्मचारी दौलत गुरनुले. शेऱ्याच्या रकान्यात 'जाड' लिहिलं. अक्षर मला नीट काढता आलं नाही. त्यानं वाकून ते वाचलं, मान हलवली, माझ्या हातातून पेन घेतलं आणि त्या शब्दाशेजारी आपली सही केली.